सहा वर्षे एकटा किशोरकुमारच? आत्याची वही वेगळे सांगते

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर फिरत आला. १९७० ते १९७५ या सहाही वर्षी बिनाका गीतमाला या हिंदी चित्रपटगीतांच्या रेडिओ कार्यक्रमाच्या वार्षिक यादीत पहिले गाणे किशोरकुमारचेच होते, हा कार्यक्रम आकाशवाणीवर लागत असे, रफींचा काळ तोवर संपला होता आणि तेव्हा लोकांना केवळ प्रेमगीतेच आवडत, असे त्यात ठासून लिहिले होते. माझी आत्या त्या वर्षांत दर बुधवारी रात्री आठ वाजता वही घेऊन रेडिओपाशी बसत असे. मजकूर वाचून ती एवढेच म्हणाली, “मग माझंच चुकत असेल.” तिचे काहीही चुकलेले नाही.

गीतमालेचे निवेदक अमीन सायानी यांनी वर्षअखेरीस जाहीर केलेली क्रमवारी पाहिली की पहिला दावा तिथेच कोसळतो. १९७०चे सरताज गीत, म्हणजे पहिल्या पायदानावरचे (क्रमांकाचे) गाणे, होते ‘दो रास्ते’मधील लताबाईंचे ‘बिंदिया चमकेगी’. १९७१मध्ये किशोरकुमारचे ‘ज़िंदगी एक सफ़र है सुहाना’ आले, पण १९७२मध्ये आशाबाईंचे ‘दम मारो दम’ आणि १९७३मध्ये ‘जंजीर’मधील मन्ना डे यांचे ‘यारी है ईमान मेरा’ पहिल्या पायदानावर होते. १९७४मध्ये ‘मेरा जीवन कोरा काग़ज़’मुळे किशोरकुमार पुन्हा वर आला. म्हणजे सहापैकी दोन वर्षे त्याची. त्या दोन वर्षांची सहा करताना लता, आशा आणि मन्ना डे यांच्या वाट्याचे श्रेय सरळ पुसून टाकले गेले, याचाच मला सर्वाधिक राग आहे.

प्रेमगीतांचा दावा तर १९७५चे गाणे ऐकलेला कोणीही करणार नाही. त्या वर्षी पहिली आली ती ‘रोटी कपड़ा और मकान’मधील ‘महँगाई मार गई’ ही कव्वाली, जी लता मंगेशकर, मुकेश, जानी बाबू आणि नरेंद्र चंचल यांनी मिळून गायली होती. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरत होत्या, त्याच काळातले हे गाणे. ते लोकांच्या ओठी का बसले, हे वेगळे सांगायला नको.

आकाशवाणीचा मुद्दा तर दोन ओळींतच निकालात निघतो. गीतमाला १९५२पासून रेडिओ सिलोनवर लागत असे, ध्वनिमुद्रित फिती मुंबईहून कोलंबोला जात, आणि विविध भारतीवर ती थेट १९८९मध्ये आली.

रफींबाबत अर्धे सत्य आहे, तेवढे मान्य करतो. ‘आराधना’नंतर किशोरकुमारची लाट खरोखरच आली आणि वरील सहा गाण्यांत रफींचा आवाज कुठेही नाही. परंतु ‘आज मौसम बड़ा बेईमान है’ १९७३चे आहे आणि ‘क्या हुआ तेरा वादा’साठी त्यांना १९७७चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संपलेल्या गायकाला असा सन्मान मिळत नसतो.

आत्याच्या वहीत १९७२च्या पानावर पहिल्या पायदानापुढे निळ्या शाईत ‘आशा’ लिहिलेले असून त्याखाली दोन रेघा आहेत. त्या पानाचे छायाचित्र मी गटावर टाकले आहे, आणि ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला त्यांनी हे पानही त्याच लोकांना पाठवावे, अशी माझी विनंती आहे.