बारीक पोराला कसलं आलंय कोलेस्टेरॉल?

या आठवड्यात हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. ‘मुलांचं कोलेस्टेरॉल तपासणं हा लॅबवाल्यांचा धंदा आहे. बारीक, खेळत्या मुलाला हृदयविकार होत नाही. घरचं साजूक तूप खाऊ घाला, बाहेरचं बंद करा. शंका आलीच तर ईसीजी काढा. गोळ्या मात्र मुळीच नकोत, लिव्हर जातं.’ शेवटी गुलाबाची फुलं. तिसऱ्या ग्रुपवर तो आमच्या मामांनी टाकला होता, म्हणून लिहायला बसले.

आधी बारीकपणाचं. मामांचे वडील फाटक्या अंगाचे, रोज पायी शेतावर जाणारे. 47व्या वर्षी बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. घरात त्याला नशीब म्हणायचे. मामांच्या दोन्ही टाचांमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारा दोर) अंगठ्याएवढी जाड. चप्पल घासून घट्टा पडलाय, असंच आम्ही धरून चाललो होतो. एकदा तापासाठी गेले असताना डॉक्टरांनी ती बोटांत धरून चाचपली आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, लिहून दिली. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 248, खूपच वाढलेलं. घट्टा कसला, शिरेत साठलेलं कोलेस्टेरॉल होतं ते.

या आजाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून आलेलं वाढीव कोलेस्टेरॉल. रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. या आजारात बहुतेकदा त्यांच्याच जनुकात खोट असते. हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 साली नोबेल मिळालं. साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला हा आजार असतो, आणि आईवडिलांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही.

तुपाबद्दल फार भांडत नाही. जेवण सांभाळावंच, सगळ्या घरानं मिळून सांभाळावं. (तूप घरी कढवलं म्हणून त्यातली सॅच्युरेटेड फॅट कमी होत नाही, एवढं मात्र सांगते.) पण मोरीच तुंबलेली असेल, तर पाणी बेतानं ओतून कितीसा फरक पडणार?

ईसीजीचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यानं खोटा धीर येतो. ईसीजी हृदयातली विजेची हालचाल दाखवतो. रक्तवाहिनीच्या आत चरबीचा थर धरू लागलाय का, हे दहा वर्षांच्या मुलाच्या ईसीजीत कळत नाही. घरात कुणी तरुणपणी खेळता-पळता अचानक गेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हृदयाचा स्नायू जाड होणं किंवा ठोक्यांची लय बिघडणं असे आनुवंशिक आजार शोधायचे असतात, आणि त्यासाठी ईसीजी, इको दोन्ही लागतात.

‘धंदा’ म्हणाल, तर लहान मुलांची फुल बॉडी पॅकेजं विकणं हा धंदाच आहे, कबूल. पण इथे मागतोय एक साधी रक्ततपासणी. अमेरिकेतल्या 2011च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती 9 ते 11 या वयात एकदा सगळ्याच मुलांची करावी, कारण वयात येताना आकडे तात्पुरते खाली येतात आणि फसवतात. वडील, काका, मामा, आजोबा यांपैकी कुणाला 55च्या आत, किंवा आई, मावशी, आत्या, आजी यांपैकी कुणाला 65च्या आत हृदयविकार झाला असेल, तर दुसऱ्या वर्षानंतर कधीही. एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात.

राहिल्या गोळ्या. नेदरलँड्समध्ये हा आजार असलेल्या 214 मुलांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या, सुरू करून 20 वर्षं त्यांचा मागोवा घेतला. निष्कर्ष 2019 साली आले. त्यांच्या आजारी आईवडिलांपैकी 26 टक्क्यांना वयाच्या 39 वर्षांपर्यंत हृदयविकारानं गाठलं होतं. मुलांत हे प्रमाण 1 टक्का. आईवडिलांच्या तरुणपणी या गोळ्या मिळतच नव्हत्या. मुलांना त्या सहसा 8 ते 10 वर्षांच्या पुढेच, आधी आहार बदलून पाहून देतात, आणि लिव्हरच्या तपासण्या डॉक्टर करतातच.

मामांचा नातू 10 वर्षांचा आहे, अगदी काडीपैलवान. त्याचं एलडीएल दोन्ही वेळा 190च्या वर आलं. मामांना फोन करून विचारलं, स्वतः रोज रात्री गोळी घेता आणि हे कसं पाठवलंत? म्हणाले, “अगं, वाचलंय कुणी? फुलं छान होती.”