पाकीट टेबलावरच राहिलं

डोळे मिटा. उघडा. परत मिटा. आज एका अंगणवाडीत हे चौथ्यांदा चाललं होतं. कडेवर चार महिन्यांचं बाळ, समोर सेविकेचा मोबाइल, आणि चेहरा काही जुळेना. टेबलावर त्या माउलीच्या वाट्याची, घरी न्यायच्या पोषण आहाराची पाकिटं. सेविका तिला लग्न होऊन गावात आली तेव्हापासून ओळखते, बाळाचं वजनही दर महिन्याला तीच करते. तरी देता येईना!

१ जुलै २०२५ पासून पोषण ट्रॅकर या केंद्र सरकारच्या अंगणवाडी ॲपवर घरपोच आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची आहे. आधी ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणं: आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार, मग फोटो. पुढे आहार देताना चेहरा जुळवायचा. ऐकायला दोन मिनिटांचं काम.

ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि नवरा गेलेला ऊसतोडीला. फोन लागून आकडे सांगेपर्यंत मुदत संपते. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, शिबिरात घाईत काढलेला. आता गाल बसलेत, डोक्यावर पदर आहे, खोलीला एकच खिडकी आणि तीही पाठीमागे, म्हणजे फोटोत तोंड काळं. आजच्या बाईला तिसऱ्या खेपेला दारात उजेडाकडे तोंड करून उभं केलं, पदर मागे सारला, कॅमेऱ्याची काच पुसली. चेहरा स्पष्ट आला, तर रेंज गेली.

मुळात हे यंत्र माणूस ओळखत नाही. दोन फोटो किती सारखे आहेत याचा एक आकडा काढतं. अमुक आकड्याच्या वर असेल तर पास, ही रेषा कुणीतरी माणसानेच आखलेली असते. रेषा वर नेली की तोतये अडतात आणि सोबत खऱ्या बायकाही. शंभरात एक जरी चुकली, तरी गावोगाव कुणाची तरी पाकिटं अडणार. ती रेषा कुठे ठेवलीय, हे गावातल्या कुणाला विचारून ठेवलीय का?

बोगस नावं होती, पाकिटं परस्पर जात होती, मान्य. पण माल जातो गोदामातून आणि डोळे मिचकवायला लावता ओल्या बाळंतिणीला? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तिला रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनांचा हक्क दिलाय. चेहरा जुळला तरच, असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

सेविकेवर राग काढू नका. नकार ॲप देतं, बोलणी ती खाते. तिच्या हातात अधिकार द्या. चेहरा जुळला नाही तर आहार त्याच वेळी द्यायचा, नोंदवहीत कारण लिहून सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि पर्यवेक्षिकेने सात दिवसांत घरी जाऊन खातरजमा करायची. कुठल्या अंगणवाडीत महिन्याला किती वेळा जुळलं नाही, हा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचा. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात संगणकाच्या भरवशावर हजारो आईबापांना लबाड ठरवलं, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या सरकारने राजीनामा दिला. इथे पाकीट अडलं तर जबाबदार कोण, एक नाव सांगा!

त्या बाईला "परवा या ताई, रेंज असली तर बघू" म्हणून परत पाठवलं. बोलताना सेविकेचाच आवाज बसला होता. बाळ झोपलं होतं. उन्हातून ती वस्तीकडे चालत निघाली.