सोलापूर हे पाणी कधीपासून पितंय

मामाचा पुण्याहून फोन आला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये राडा झाला म्हणे, एसटीपीचं (सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचं) पाणी फ्लशला वापरायचं की नाही यावरून, आणि शेवटी मला विचारतो, "तुमच्या सिंगापुरात तर संडासाचं पाणी गाळून पितात, खरंय का रे?" म्हणलं पितात, पण तू समजतोयस तसं नाही.

मी इथे एका पर्यावरण इंजिनिअरिंगच्या प्रोफेसरांच्या लॅबमध्ये आहे. सरांनी अख्खं करिअर एका बुळबुळीत थरावर घालवलंय. सांडपाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेनवर, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यावर, जंतू येऊन चिकटतात, थर धरतो, मग प्रेशर वाढवा, वीज जाळा, केमिकलने धुवा, आणि तरी मेम्ब्रेन लवकर बाद होतंच. गंमत म्हणजे थर धरायच्या आधी हे जंतू केमिकल सिग्नल सोडून एकमेकांना कळवतात की आता आपण पुरेसे जमलोय, आणि आमचं काम म्हणजे तो सिग्नलच खाऊन टाकणारे दुसरे जंतू टाकीत सोडायचे. जंतूंच्या गप्पा मोडतो असं मी घरी सांगतो. आई म्हणते, त्यासाठी एवढ्या लांब गेलास?

तर मामा विचारत होता ते इथलं पाणी म्हणजे न्यूवॉटर. सांडपाणी आधी नेहमीसारखं साफ करतात, मग मायक्रोफिल्ट्रेशन (बारीक गाळणी), त्याहून बारीक आरओ, आणि जंतू मारायला यूव्ही किरण. २००२ च्या नॅशनल डे परेडला पंतप्रधानांसकट हजारो लोकांनी त्याच्या बाटल्या उंचावून पाणी प्यायलं. पण त्यातलं बहुतेक पाणी जातं चिप बनवणाऱ्या कारखान्यांना आणि कूलिंगला, थोडंसं कोरड्या दिवसांत जलाशयात सोडतात आणि तिथून ते परत ट्रीटमेंट होऊन नळाला येतं.

आता आपल्याकडे बघा. पुणे-पिंपरीचं सांडपाणी, काही ट्रीट केलेलं काही तसंच, मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत जातं आणि भीमेतून उजनीत, आणि सोलापूर उजनीचं पाणी पितं. म्हणजे मामा जे पाणी फ्लशला पण नको म्हणतोय तेच पुढे नदीतून मिसळून दुसऱ्यांच्या हंड्यात जातंय, मध्ये ना आरओ ना यूव्ही, आणि कुणी सोलापूरकरांना विचारलंय असंही नाही. ऑस्ट्रेलियात टूवुम्बा शहरात २००६ ला शुद्ध केलेलं सांडपाणी प्यायचं का यावर मतदान घेतलं, साठेक टक्के लोक नको म्हणाले, मला ते चुकीचं वाटतं, पण निदान विचारलं तरी! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या रिपोर्टमध्ये देशातल्या शहरांचं सांडपाणी दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर आणि त्यातलं खरंच ट्रीट होणारं २०,२३६. बाकीचं कुठे जातं हे सांगायला पीएचडी लागत नाही.

इकडचं सगळं भारी म्हणणाऱ्यांतला मी नाहीये. सिंगापूरला गरजच आहे, मलेशियाशी असलेला पाण्याचा करार २०६१ ला संपतो, आणि पैसाही आहे. शिवाय आरओ केलं की पाव-एक हिस्सा पाणी सगळी घाण घेऊन मागे उरतं, इथे जवळ समुद्र आहे, मराठवाड्यात ते कुठे ओतणार? त्यापेक्षा नागपूरचं बघा, भांडेवाडीचं ट्रीट केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढं धरणाचं पाणी वाचतं. मला विचाराल तर कॉपी करायची ती नागपूरची.

आणि मेम्ब्रेन वगैरे खूप पुढची गोष्ट. बीईच्या शेवटच्या वर्षी आम्ही एका छोट्या शहराचा एसटीपी बघायला गेलो होतो, टाकीवर बुडबुडाच नाही. वीजबिल फार येतं म्हणून टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद! घाण खाणारे जंतू हवेविना गुदमरलेले, पाणी जसं आत गेलं जवळपास तसंच बाहेर. रजिस्टरला मात्र आकडे एकदम झकास, एकाच पेनने लिहिलेले.

म्हणून मामाला म्हणलं, पुढच्या मीटिंगला बाकी काही विचारू नको, रात्री ब्लोअर चालू असतो का तेवढं विचार.

तर म्हणतो, "ब्लोअर म्हणजे कुठला रे, तो आवाज करतो म्हणून मागच्या वर्षी आम्ही बंद करायला लावला तो?"