अंधारात जेवायला बोलावता कशाला?

हॉटेलवाल्यांनो, एकदा सत्तरीच्या बापाला घेऊन स्वतःच्याच हॉटेलात जेवा. मालकाच्या राखीव टेबलावर नाही. आमच्यासारखं दारात नाव लिहा, कट्ट्यावर ताटकळा, मग आत या आणि सांगा मला 'अँबियन्स' कशाशी खातात ते.

माझे आप्पा बार्शीहून येतात. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. डेपोच्या कँटीनपासून हायवेच्या धाब्यापर्यंत कुठंही जेवलेला माणूस, नखरे शून्य. पोरगी पुण्यात कमावते, तर बापाला एखाद्या चांगल्या ठिकाणी न्यावं एवढीच माझी हौस. पण बाणेर-बालेवाडीकडच्या 'चांगल्या' ठिकाणांनी म्हाताऱ्या माणसाला पळवून लावायचा विडाच उचललाय.

आधी तो अंधार. "आगं, हितं लाईट गेलीय का?" आप्पांनी चेष्टा म्हणून नाही, खरंच विचारलं. वरून टांगलेल्या बल्बमध्ये नुसती तार चमकत होती, टेबलावर सेलवर चालणारी खोटी मेणबत्ती. वय झालं की डोळ्याची बाहुली आखडते, उजेड आत कमी शिरतो, हे कुठलाही डोळ्यांचा डॉक्टर सांगेल. माशातला काटा काय चाचपून शोधायचा?

त्या अंधारात मेन्यू कुठाय? तर टेबलावर चिकटवलेला क्यूआर कोड. आप्पांचा फोन बटणांचा. मी माझ्या फोनवर उघडावं तर आधी नंबर मागणार, मग ओटीपी, मग वाढदिवसाची तारीख. अरे, जेवायला आलोय की कर्ज काढायला? ग्राहकाला नंबरसाठी अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२३ सालीच दुकानदारांना बजावलंय. पण हॉटेल म्हणजे जणू दुकानच नव्हे.

एवढं सगळं करून उघडलेला मेन्यू अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत. बाहेरची पाटी मात्र ठळक मराठीत, कारण सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाट्या मराठीत करायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. म्हणजे मराठी दारापर्यंतच, आत औषधालाही नाही. वाढणारी पोरं ओडिशा, आसाम, नेपाळहून पोटासाठी आलेली, त्यांच्यावर माझा राग नाही. उलट त्यातल्याच एकानं आप्पांना मोबाईलची बॅटरी लावून धरली. राग मालकावर आहे. लाखोंचं इंटिरिअर करतो आणि चार पानं मराठीत छापून घेत नाही. मग मी सगळी यादी मोठ्यानं वाचायची आणि ज्या माणसानं उभ्या एसटीला तिकिटं फाडून दिली, त्यानं लहान पोरासारखं "तूच सांग काय घ्यायचं ते" म्हणायचं. इथं माझं डोकं फिरतं.

मोठ्यानं वाचायचं म्हणजे ओरडायचंच, कारण डोक्यावर स्पीकर. आप्पांच्या कानाला मशीन आहे. ते मशीन फक्त माझा आवाज मोठा करत नाही, ते धडधड, भांडी, शेजारच्या टेबलावरचं हॅपी बर्थडे, सगळंच वाढवून कानात ओततं. शेवटी त्यांनी मशीन काढून खिशात ठेवलं. किती महिन्यांनी बापाशी निवांत बोलायला म्हणून बाहेर पडलो होतो, आणि तासभर आम्ही एकमेकांना खुणा करत बसलो. आवाज कमी करा म्हटलं, तर "मॅम, सिस्टीम सेंट्रल है". सेंट्रल आहे तर सेंट्रलला जाऊन सांग की!

खुर्च्यांबद्दल काय बोलू? एकतर बारसारखी उंच स्टुलं, पाठ टेकायला काही नाही, नाहीतर इतका खोल सोफा की उठताना दोघांनी ओढावं लागतं. संडास हमखास लोखंडी गोल जिन्यानं वर.

आणि पाणी! बसल्या बसल्या बाटली येते. "मिनरल चलेगा ना सर?" हे विचारेपर्यंत सील तुटलेलं असतं. साधं पाणी मागितलं की पोरगा असा बघतो, जणू आम्ही त्याच्या घरच्या माठात हात घातला. त्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले तरी बोलायची सोय नाही, कारण हॉटेलात तसे लावता येतात असा निकाल सर्वोच्च न्यायालयानंच डिसेंबर २०१७ मध्ये दिलाय.

पण बिलाच्या बाबतीत चुकीच्या माणसाशी गाठ पडली. आप्पांनी बॅटरीच्या उजेडात आकडे बघितले आणि तोंडी हिशोब मांडला. जेवण बाराशेचं. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, एकशेवीस. मग त्या तेराशेवीसवर पाच टक्के जीएसटी, सहासष्ट. एकूण तेराशे शहाऐंशी, व्हायला हवे होते बाराशे साठ. "बक्षिशीवर बी टॅक्स व्हय?" असा प्रश्न त्यांनी थेट मॅनेजरला टाकला. मॅनेजर म्हणे, पॉलिसी आहे. कसली पॉलिसी? ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलंय की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानं लावायचा नाही, आणि बिलात मिसळून त्यावर जीएसटी तर नाहीच नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयात हरल्या. मी १९१५ ला, ग्राहक हेल्पलाईनला, फोन लावते म्हटल्यावर दोन मिनिटांत नवीन बिल छापून आलं. म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक असतं. न बोलणाऱ्याकडून उकळायचं, एवढंच. आप्पांनी जाताना त्या बॅटरीवाल्या पोराच्या हातात पन्नासाची नोट ठेवली, ती वेगळी.

कुणी म्हणेल, मग गावरान थीमवाल्या ठिकाणी न्यायचं. नेलं ना! प्लास्टरचे बैल, फेटा बांधलेला दरवान, गुडघेदुखीवाल्यांनी चौरंगापुढं मांडी घालून बसायचं, आणि चमचाभर सोलापुरी शेंगाचटणीचे वेगळे पैसे. बार्शीच्या माणसाला! भाकरी चुलीवरची म्हणून आली ती इतकी चिवट की कवळी हलायला लागली. थाळीच्या ठिकाणी जा, तर शेवटचा घास तोंडात असताना पुढचं कुटुंब खुर्चीमागं येऊन उभं.

बरं, आप्पांना भूक लागते साडेसातला. तेव्हा ही हॉटेलं नुकती उघडत असतात, आणि किचन सुरू व्हायला आठ.

आता दिवाळीला ते परत येतील. म्हणून परवा आधीच फोन करून एका ठिकाणी विचारलं: टेबलावर नीट उजेड आहे का, पाठीची खुर्ची मिळेल का, संडास त्याच मजल्यावर आहे का, गाणी बंद ठेवाल का? पलीकडचा मुलगा सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "डोन्ट वरी मॅम, शनिवारी आपल्याकडे लाईव्ह बँड असतो."