खग्रास जागरण

सूर्यग्रहण अमावस्येलाच होते, हे आपण शाळेत आकृतीसह शिकलेले असतो. मात्र या गोष्टीचा माणसाच्या झोपेशी किती निकटचा संबंध आहे, हे त्या आकृतीत दाखवलेले नसते. सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये चंद्र आला की ग्रहण लागते, आणि तो तिथे आला म्हणजे रात्रीच्या आकाशातून हद्दपार झालेला असतो. बिनचंद्राची रात्र ही तारे पाहणाऱ्यांची पर्वणी. त्यामुळे ग्रहणासाठी एखाद्या दूरच्या माळावर जायचेच आहे, तर आधीच्या काही रात्री आणि नंतरचीही एखादी रात्र तिथेच तारे पाहण्यात घालवावी, हा विचार खगोलप्रेमींच्या मनात येणे स्वाभाविक आहे आणि भूमितीलाही धरून आहे. रात्री तारे, दिवसा सूर्य. या वेळापत्रकात झोप कुठे बसते, असे मी अशाच एका मेळाव्याच्या आयोजकांपैकी एका गृहस्थांना विचारले, तेव्हा त्यांनी छापील कार्यक्रमपत्रिकेवर बोट ठेवले. तिथे 'दुपारी २ ते ४ : विश्रांती' असे स्पष्ट लिहिले होते आणि त्याच्याच शेजारी 'सौरडागांचे निरीक्षण, ऐच्छिक' असेही लिहिले होते. या ऐच्छिक निरीक्षणाला जो येत नसे, त्याच्या तंबूत डोकावून आयोजक त्याच्या प्रकृतीची आस्थेने विचारपूस करीत.

मी या फंदात पडलो तो एका मित्रामुळे. सूर्याचा बराच मोठा भाग झाकलेले खंडग्रास ग्रहण मी पूर्वी पाहिले होते आणि ग्रहण या विषयातले आपले कर्तव्य संपले, अशी माझी समजूत होती. मित्राने ती मोडून काढली. "नव्व्याण्णव टक्के ग्रहण म्हणजे काहीच नाही रे," असे म्हणून त्याने हिशेब मांडला. सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे ४ लाख पट तेजस्वी आहे; त्याचा ९९ टक्के भाग झाकला, तरी उरलेला १ टक्का ४ हजार पौर्णिमांएवढा उजेड पाडत राहतो. सूर्याभोवतीचे प्रभामंडल मात्र सगळे मिळून जेमतेम एका पौर्णिमेइतके उजळ असते, तेव्हा ते पाहायचे तर शेवटचा तो १ टक्काही जायलाच हवा. आता, कोणत्याही एका ठिकाणी खग्रास ग्रहण सरासरीने पावणेचारशे वर्षांतून एकदा येते. घरी बसून तेवढी वाट पाहण्याची माझी तयारी होती. पण चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटरने पृथ्वीपासून दूर चालला आहे आणि सुमारे ६० कोटी वर्षांनी तो सूर्याला पुरता झाकू शकणार नाही, अशी आठवण करून देत मित्राने माझे नाव त्याच दिवशी नोंदवून टाकले. इतकी घाई असेल याची मला कल्पना नव्हती.

माळावर पोहोचल्यावर पहिला नियम सांगण्यात आला तो उजेडाचा. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती सगळी कमाई क्षणात बुडते; म्हणून सूर्यास्तानंतर फक्त मंद लाल उजेड वापरायचा, आणि टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिन कागदाची दुहेरी घडी रबराने बांधायची. पहिल्याच रात्री एका गृहस्थांनी स्वेटर काढण्यासाठी मोटारीचे दार उघडले, आणि दार उघडताच आतला दिवा आपोआप लागला. त्या क्षणी माळाच्या चारही बाजूंनी जो आक्रोश उठला, तो ऐकून मला वाटले की कोणाला तरी साप चावला. बिचाऱ्यांनी ती रात्र स्वेटरविना काढली आणि दुसऱ्या दिवशी ते सर्वांशी अपराध्यासारखे बोलत होते.

अशा अंधारात चालणे हे एक वेगळेच शास्त्र आहे. प्रत्येक दुर्बिणीला तीन पाय असतात आणि ते तिन्ही आपल्या मार्गात असतात. मध्यरात्रीपर्यंत मी इतक्या ट्रायपॉडांची क्षमा मागितली होती की, पुढे पायाला काहीही लागले तरी तोंडातून आपोआप 'सॉरी' निघू लागले. माणसे ओळखायची ती आवाजावरून. ज्या सद्गृहस्थांनी मला रात्री तासभर ताऱ्यांचा जन्म आणि मृत्यू समजावून सांगितला, त्यांच्याशेजारी बसून सकाळी मी चहा घेतला आणि 'आपण कालच आलात का?' असे विचारले. त्यांनीही मला तेच विचारले, हे त्यातल्या त्यात बरे.

दुर्बिणीपुढची रांग हा या मेळाव्याचा आत्मा आहे. आपली पाळी येते, आपण वाकतो, नेत्रिकेला डोळा लावतो आणि सर्वप्रथम आपल्याच पापण्या दिसतात. मग धुरकट असे काहीतरी सरकत जाताना दिसते. ते नेमके काय आहे हे ठरेपर्यंत ते कडेला जाऊन नाहीसे होते, कारण पृथ्वी फिरत असते. पृथ्वी फिरते याचा इतका झोंबणारा पुरावा मला अन्यत्र मिळालेला नाही. दुर्बिणीचे मालक, ज्यांना सगळेच काका म्हणत होते, मोठ्या मायेने नळी किंचित ढकलतात आणि विचारतात, "दिसली का देवयानी दीर्घिका? पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे बरं हा." पंचवीस लाख वर्षे प्रवास करून आलेल्या पाहुण्याला 'दिसला नाहीस' असे तोंडावर सांगणे कोणत्याही सुसंस्कृत माणसाला जड जाते. त्यामुळे रांगेतला प्रत्येक जण "वा! अप्रतिम!" असे म्हणून बाजूला होत होता, आणि त्या रात्री आमच्या माळावरून पाहिल्या गेलेल्या दीर्घिकांपैकी निम्म्या तरी केवळ सौजन्यापोटी पाहिल्या गेल्या असाव्यात.

काकांना याची कल्पना असावी. ते म्हणत, "सरळ बघू नका. नजर जरा बाजूला ठेवा, म्हणजे दिसेल." यामागे शास्त्र आहे: मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी नसून आजूबाजूला दाटलेल्या असतात. दिवसा हेच काका ग्रहणचष्मे तपासत फिरत आणि 'सूर्याकडे सरळ बघू नका' असे प्रत्येकाला बजावत. म्हणजे रात्री सरळ पाहिले तर ते दिसणार नाही आणि दिवसा सरळ पाहिले तर पुढे काहीच दिसणार नाही. आकाशाकडे पाहण्यासाठी भरवलेल्या मेळाव्यात सरळ पाहण्याची मुभा अशी कुठेच नव्हती. तरीही एक कबूल केले पाहिजे. हंस तारकासमूहाच्या चोचीशी असलेला, नुसत्या डोळ्यांना एकटाच वाटणारा तारा काकांच्या दुर्बिणीत दोन झाला, एक सोनेरी आणि एक निळा. त्या वेळी मात्र 'वा' म्हटल्यावर मी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.

या मंडळींचे चंद्राशी असलेले नाते मला शेवटपर्यंत उलगडले नाही. एरवी चंद्र म्हणजे त्यांना आकाशात टांगलेला हॅलोजनचा दिवा वाटतो. तो उगवला की मंद तारे, तेजोमेघ, दीर्घिका सगळे धुऊन निघते, म्हणून वर्षभर ते त्याच्या नावाने बोटे मोडतात. ग्रहणाच्या आठवड्यात मात्र त्याच चंद्राचे कोण कौतुक! सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आणि सूर्याचे अंतरही चंद्राच्या सुमारे ४०० पट, त्यामुळे दोघे आकाशात एकाच मापाचे दिसतात. हे सांगताना आयोजकांच्या आवाजात असा अभिमान होता की, हे अंतर त्यांच्या समितीनेच ठरवून घेतले असावे. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो चंद्र मेळावाभर कोणाला दिसलाच नाही. दिसला तो सूर्यावर आल्यावर, आणि तोही काळा.

आता ढगांविषयी. ज्या रात्री ढग येतात, त्या रात्री दुर्बिणींवर आवरणे चढतात आणि माणसांना झोपण्याची परवानगी मिळते; दुसरे कोणतेही कारण ग्राह्य धरले जात नाही. त्यामुळे दुसऱ्या रात्रीपासूनच, ढगांनी रात्री दहाला यावे आणि सकाळी आठच्या आत जावे, अशी एक सुटसुटीत प्रार्थना मी मनातल्या मनात करू लागलो होतो. ती फळाला आली ती नेमकी ग्रहणाच्या आदल्या रात्री. 'आज सर्वांनी लवकर झोपावे' असे पत्रिकेत प्रथमच छापलेले होते, आणि नेमके त्याच रात्री कोणी झोपेना. प्रत्येकाच्या फोनवर हवामानाचे वेगळे अॅप होते आणि प्रत्येक अॅपचे मत वेगळे होते. पहाटे मोटारी काढून पूर्वेला दीडशे किलोमीटर पळावे, असा एक पक्ष होता. पश्चिमेला पळावे, असा दुसरा.

अशा वेळी धीर द्यावा म्हणून आयोजकांनी ल झांटी या फ्रेंच शास्त्रज्ञाची गोष्ट सांगायला घेतली. शुक्र सूर्यबिंबावरून सरकतो ते अधिक्रमण पाहण्यासाठी हा गृहस्थ १७६० साली फ्रान्सहून पाँडिचेरीला निघाला. वाटेत कळले की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली; म्हणून १७६१ चे अधिक्रमण त्याला डोलणाऱ्या जहाजावरून पाहावे लागले आणि नोंदी निरुपयोगी ठरल्या. पुढचे अधिक्रमण ८ वर्षांनी होते, म्हणून तो इकडेच थांबला, पाँडिचेरीत वेधशाळा उभारली, आणि १७६९ साली नेमक्या त्या वेळी आकाशात ढग आले. घरी परतला तेव्हा तो मेला असे समजून नातलग त्याच्या मालमत्तेच्या वाटण्या करीत होते. ही गोष्ट ऐकून कोणाला धीर आला असेल असे मला वाटत नाही. पण दोघे-तिघे घरी फोन करायला तंबूबाहेर गेलेले मी पाहिले.

त्या रात्रीचा दुसरा वाद छायाचित्रांचा. खग्रास स्थिती जेमतेम अडीच मिनिटांची, ती डोळ्यांनी पाहायची की कॅमेऱ्याने? माझ्या शेजारच्या तंबूतल्या तरुणाने लॅपटॉपला कॅमेरा जोडून सेकंदासेकंदाचे वेळापत्रक बसवले होते आणि त्याची रंगीत तालीम तो गेले काही दिवस करीत होता. त्याच्या विरोधात मित्राने थेट ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनचा दाखला दिला. २९ मे १९१९ रोजी, ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो का हे पाहण्यासाठी एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेला होता. आइन्स्टाइनचा सिद्धांत ज्या ग्रहणामुळे जगभर गाजला, ते ग्रहण एडिंग्टनने स्वतः पाहिलेच नाही; कॅमेऱ्यातल्या छायाचित्रांच्या काचा बदलण्याच्या घाईत त्याने दोनदा मान वर केली, एकदा ग्रहण लागल्याची खात्री करायला आणि एकदा ढग किती आहेत हे पाहायला. तरुणाने शांतपणे ऐकून घेतले आणि, "पण त्याचं नाव झालं ना?" असा प्रश्न विचारला. यावर मित्राला उत्तर सुचले नाही.

सकाळी ढग पांगले. चंद्राचा स्पर्श झाला आणि सूर्याच्या कडेला एक लहानसा चावा दिसू लागला. पुढचा तासभर तो सावकाश मोठा होत गेला. चष्म्यातून पाहायचे, मान खाली घालायची, पुन्हा पाहायचे. माळावरच्या एका झुडपाखाली पानांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडले होते आणि त्यांतला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झाला होता. मी तळहात धरला, तर त्यावर सात-आठ चिमुकले सूर्य, सगळे एकाच बाजूने खाल्लेले, वाऱ्याबरोबर हलत होते. मग ऊन पडलेले असूनही गारवा आला. सावल्यांच्या कडा नको इतक्या रेखीव झाल्या. जमिनीवर सरकणारे छायापट्टे दिसावेत म्हणून कोणीतरी पांढरी चादर अंथरून ठेवली होती. परंतु ऐन वेळी सगळ्यांच्या माना वर होत्या, त्यामुळे चादरीवर पट्टे आले की नाही, याला साक्षीदार नाही.

पश्चिमेकडून अंधार चालून आला, चंद्राच्या कडेवरच्या दऱ्यांमधून शेवटचा प्रकाश मण्यांसारखा फुटला आणि विझला, आणि काका ओरडले, "चष्मे काढा!" सूर्याच्या जागी एक काळेभोर छिद्र होते, त्याभोवती मोतिया रंगाची, कोणत्याही छायाचित्रात मी न पाहिलेली लांबच लांब पिसे पसरली होती, कडेला एक गुलाबी ज्वाला चिकटली होती, बाजूला भर दिवसा शुक्र लकाकत होता, आणि क्षितिजावर चारही दिशांना संध्याकाळ झाली होती. मेळावाभर पंचवीस लाख वर्षांच्या खाली न उतरलेले काका 'अरे बापरे, अरे बापरे' एवढेच म्हणत राहिले. माझी झोप पुरती उडाली, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ती उडवण्याची इतकी वाजवी सबब मला त्या आठवड्यात प्रथमच मिळाली होती.

उन्मीलन झाले, म्हणजे खग्रास स्थिती संपली, हिऱ्याच्या अंगठीसारखा लखलखाट झाला, टाळ्या वाजल्या. ग्रहण सुटायला अजून तासाहून अधिक अवधी होता. पण मोक्षाची वाट पाहण्यात कोणालाच रस उरला नव्हता. शेजारच्या तरुणाचा लॅपटॉप आपले वेळापत्रक चोख पार पाडून थांबला होता. खग्रास स्थितीत कॅमेऱ्यापुढचा सौर फिल्टर काढावा लागतो. तो जागच्या जागी होता. दोनशेहून अधिक छायाचित्रे एकसारखी काळी आली होती. त्याने ती एकेक करून पाहिली आणि म्हणाला, "आकाश किती काळोखं होतं, हे दाखवायला चालतील."

मित्राने तोवर नकाशा पसरला होता. १८ वर्षे, ११ दिवस आणि ८ तासांनी याच घराण्यातले ग्रहण पुन्हा येते, पण त्या जादा ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरून गेलेली असल्याने ते भलत्याच प्रदेशात दिसते, असे सांगून झाल्यावर तो मुद्द्यावर आला. २ ऑगस्ट २०२७ रोजी इजिप्तमध्ये लक्झरच्या आसपास खग्रास स्थिती ६ मिनिटांहून अधिक काळ टिकणार आहे. मी मनात त्रैराशिक मांडले: अडीच मिनिटांसाठी इतकी जागरणे, तर ६ मिनिटांसाठी किती? उत्तर छातीत धडकी भरवणारे होते.

"आणि एक सांगू?" चेहऱ्यावर निर्भेळ आनंद घेऊन तो म्हणाला, "तिथे ऑगस्टात ढग जवळजवळ नसतातच. एकही रात्र फुकट जायची नाही."

मी नाव नोंदवले आहे.