जेवताना आग्रह करणाऱ्या सगळ्यांसाठी

काल एका लग्नात जेवायला बसले होते. समोरच्या टेबलावर एक मुलगी होती, तिशीच्या आसपासची. ताटात दोन चमचे मसालेभात, वाटीत कढी, बाकी ताट रिकामं. तिच्यामागे दोन बायका उभ्या. "अगं एवढंच? जिलेबी तरी घे. आमच्या घरचं कार्य आहे, उपाशी उठू नकोस." मुलगी नको नको म्हणत होती, तोवर ताटात दोन जिलेब्या पडल्या. ती त्या जिलेब्यांकडे बघत बसली. तिची मला काही माहिती नाही. कदाचित भूकच नसेल. पण ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. रात्री झोप लागेना, म्हणून आज लिहितेय.

वजन कमी करण्यासाठी ऑपरेशन करून बसवलेला बँड माझ्या पोटात 2009 पासून आहे. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा एक पट्टा बसवलेला असतो. त्यामुळे वर एक छोटीशी पिशवी तयार होते, सुरुवातीला जेमतेम दोन मोठे चमचे मावतील एवढी. पट्ट्याची नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टला, म्हणजे एका छोट्या डबीला, जोडलेली असते. पोर्टमध्ये सुईने सलाईन भरलं की पट्टा घट्ट होतो, काढलं की सैल. जठर कापत नाहीत, आतडं वळवत नाहीत. त्या काळी आपल्याकडे पुण्या-मुंबईत बरेच बँड बसले. आता बहुतेक सर्जन स्लीव्ह (जठर कापून लहान करणं) किंवा बायपास (आतडं वळवून जोडणं) सुचवतात, बँड फारसा कोणी बसवत नाही. त्यामुळे माझ्यासारखे जुने बँडवाले एकमेकांना क्वचितच भेटतात.

ऑपरेशनच्या वेळी माझं वजन 112 किलो होतं, उंची 158 सेंटिमीटर. शुगर होती. बँकेचा एक जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं. त्याआधी वीस वर्षं मी डाएट करत होते. "शॉर्टकट मारलास", "जिभेवर ताबा ठेवला असतास तर पैसे वाचले असते" हे मी माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं, बँकेत ऐकलं. पैसे पीएफमधून काढले होते, कारण तेव्हा विम्यात हे बसत नव्हतं. 2019 मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम स्पष्ट केले. डॉक्टरांनी सांगितलेलं असेल, आधीचे उपाय थकलेले असतील आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 40 किंवा जास्त असेल, किंवा 35 किंवा जास्त असून हाताबाहेर गेलेला मधुमेह, हृदयविकार असं काही गंभीर असेल, तर लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा खर्च विम्यातून वगळता येत नाही. विमेवाल्यांनाही हा आजार मान्य करावा लागला. नातेवाईकांनीही करावा, एवढंच म्हणणं आहे.

ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे पातळ. वरणाचं पाणी, ताक, गाळलेलं सूप. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड महिन्याने घरचं जेवण. खरी शिकवणी तिथून सुरू झाली. घास करंगळीच्या नखाएवढा. वीस-पंचवीस वेळा चावायचा. गिळल्यावर थांबायचं, तो उतरल्याचं जाणवलं की पुढचा. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. चाळीस वर्षं उजव्या हाताला पाण्याचं भांडं ठेवून जेवलेल्या बाईला हे किती जड जातं, ते सांगून कळणार नाही. बँकेत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात माझं पाऊण वाटी पोटात जायचं आणि मैत्रिणींचे डबे धुऊन झालेले असायचे.

घास अडकणं म्हणजे काय, तेही एकदा नीट सांगते. नणंदेच्या मुलीच्या डोहाळजेवणात आत्येसासूबाईंनी माझ्या पानात गरम पोळी वाढली आणि समोर उभ्या राहिल्या. "खा, माझ्यादेखत खा." मी घाईत तुकडा तोडला, नीट चावलाच नाही. पोळी मऊ असते, पण ओली झाली की कणकेचा गोळा होते, आणि तो गोळा पट्ट्याच्या तोंडाशी जाऊन बसतो. छातीच्या मधल्या हाडामागे कोणी मूठ दाबून धरावी तशी कळ आली. तोंडात लाळ सुटायला लागली, ती गिळताही येईना, कारण खाली वाटच बंद. फेसासारखी, घट्ट. पदर तोंडाला लावून मी न्हाणीघरात गेले आणि चाळीस मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर ओटीची गाणी चालू होती. परत आले तेव्हा आत्येसासूबाई कोणालातरी सांगत होत्या, "हिला आमच्याकडचं चालत नाही." त्यांनी ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, आणि मलाही. आजही तो प्रसंग आठवला की कळ त्याच जागी येते.

आता दुसरी बाजू. रोजच्या जेवणातल्या गोष्टी अडकतात आणि नको त्या सुरळीत उतरतात. पोळी, पाव, सुकी भाजी, चिकनचा कोरडा तुकडा अडकतो. श्रीखंड, बासुंदी, आईस्क्रीम, दुधात बुडवलेलं बिस्कीट कुठेही न थांबता खाली जातं. गणपतीत उकडीचे तीन मोदक तूप घालून गेले आणि त्याच दिवशी मटकीच्या उसळीने मला रडवलं. पहिल्या वर्षी 22 किलो कमी झाले. दुसऱ्या वर्षी वजन हलेना. तेव्हा कळलं की अडकण्याच्या भीतीने मी हळूहळू सगळं मऊ आणि गोड खायला लागले होते. घास किती मोठा आणि किती घट्ट, एवढंच पट्ट्याला कळतं. घासात काय आहे ते त्याला कळत नाही. ते मलाच बघायचं होतं आणि अजूनही रोज बघावं लागतं: आधी अंडं, पनीर, मूग, मासे, मग भाजी, भात शेवटी जागा उरली तर.

वजन अडलं म्हणून एकदा पट्टा जास्त घट्ट करून घेतला. मीच हट्ट धरला आणि तिथल्या डॉक्टरांनीही फार विचारलं नाही. भरल्यावर ग्लासभर पाणी प्यायला देतात, ते उतरलं म्हणून घरी सोडलं. त्या रात्रीपासून आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं, खोकल्याने जाग यायची. तीन आठवडे मी उशांना टेकून बसूनच झोपले. घट्ट म्हणजे लवकर बारीक, असं मला वाटत होतं. तुमच्यापैकी कोणाचा बँड असेल आणि रात्रीचा खोकला येत असेल, तर तो सर्दीचा समजून काढे पिऊ नका. सर्जनला दाखवा. थोडं सलाईन काढायला पाच मिनिटं लागतात. अंगावर काढलं तर पट्टा सरकू शकतो.

केस चौथ्या महिन्यात गळले, नंतर आले. बी-12, लोह, ड जीवनसत्त्व दरवर्षी तपासते. सकाळी पट्टा जास्त घट्ट वाटतो, म्हणून आधी कोमट पाणी, नाश्ता दहाच्या पुढे. आज वजन 84 आहे. शुगरची एक गोळी चालू आहे, पूर्वी दोन वेळचं इन्सुलिन होतं. बँकेचा जिना एका दमात चढते.

सगळ्यात अवघड गेलं ते ताटात टाकणं. "पानात टाकायचं नाही" हे आमच्या घरात देवाच्या आज्ञेसारखं होतं. आजोबांनी दुष्काळ पाहिला होता. पोट भरल्यावर उरलेला एक घास संपवायचा, एवढ्या एका सवयीने माझ्या छातीत कितीतरी वेळा कळ आणली. आता मी वाढून घेतानाच कमी घेते आणि कोणी वरून वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरते. तो हात बाजूला सारून वाढणारे लोक आहेत. प्रेमानेच सारतात. माझी हात जोडून विनंती आहे, तो हात सारू नका.

आईला हे समजायला चार वर्षं लागली. तिने आयुष्यभर माणसांना खाऊ घालूनच माया केली. माझं वाटीभर जेवण बघून ती स्वतः जेवायची नाही. मग एका उन्हाळ्यात मी माहेरी गेले तर तव्यावर तळहाताएवढी ज्वारीची भाकरी. एवढ्या लहान भाकरीची तिच्या हाताला सवय नव्हती, कडा फाटल्या होत्या. ती तिने गरम असतानाच मुगाच्या आमटीत कुस्करली, अगदी बारीक, लहान मुलाला भरवायला कुस्करतात तशी, आणि वाटी माझ्यासमोर ठेवली. पाण्याचा तांब्या उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. अर्धी वाटी झाल्यावर मी थांबले. तिचा हात पळीकडे गेला, तिथेच थांबला, आणि तिने माझी वाटी उचलून आत नेली.