हवा काढली म्हणून गाडी रस्त्याला चिकटत नाही

गणपती जवळ आले की चाकरमान्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. पावसात घाटात पकड मिळायला चारही टायरांची हवा सहा-सात पॉइंट (पीएसआय, दाबाचं माप) कमी करा, नायट्रोजन असेल तर तपासायला नको, दोनच टायर नवे घेतले तर पुढे टाका, आणि चाकांची अदलाबदल हा निव्वळ दुकानदारांचा धंदा. गेल्या वर्षी माझा भाचा ३३ ऐवजी २६ हवेवर कणकवलीत उतरला. आत पाच माणसं, डिकी गच्च. "कित्याक रे हवा काढलंस?" विचारलं, तर त्याने मोबाइलवरचा तो मेसेजच पुढे केला.

ही कल्पना वाळूतून आली असावी. किनाऱ्यावर रुतलेली गाडी काढताना हवा उतरवतात, टायर पसरतो, रुतत नाही. पण डांबरावर साचलेल्या पाण्यात टायरला पसरून काय करायचंय? त्याला पाणी बाजूला सारून खालचं डांबर गाठायचं असतं. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, पाणी अडकतं आणि गाडी त्यावर तरंगते. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं ते तेव्हाच. नासाने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांवरून याचं ढोबळ सूत्र काढलं. त्याप्रमाणे ३६ हवेला तरंगण्याचा वेग ताशी १०० किलोमीटर येतो, २५ हवेला ८३. मोटारीला हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत, कल मात्र तोच. आणि मुंबई-गोवा हायवे कणकवली-कुडाळ पट्ट्यात चौपदरी झाल्यापासून तिथे ऐंशी-नव्वद कोण धरत नाही?

त्यात कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि ओझ्याखाली फुटू शकतो. भरलेल्या गाडीला उलट हवा जास्त लागते. तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा, तेवढी भरायची नसते. मोजायची ती थंड टायरात. मुंबईहून येऊन तशीच मोजलीत तर तीन-चार पॉइंट जास्त दिसेल, ती काढू नका.

नायट्रोजनचं एका वाक्यात: साध्या हवेतही तो ७८ टक्के असतो, थोडा सावकाश झिरपतो, पण खिळा घुसला तर तोही जातोच. महिन्यातून एकदा तपासा.

नवे टायर पुढे, हे पटण्यासारखं वाटतं, म्हणूनच घातक. पुढची चाकं घसरली तर वेग उतरवून गाडी बहुधा सावरते. मागची घसरली तर शेपूट फिरते, आणि करूळ घाटाच्या वळणावर ती कुठे फिरेल ते सांगायला नको. नवी जोडी मागेच.

अदलाबदल धंदा असेलही, पण आठ-दहा हजार किलोमीटरला करून घ्या. इंजिन, वळण, बराचसा ब्रेक, सगळा भार पुढच्या चाकांवर. पुढून ओढणाऱ्या गाडीत पुढची सरळ मागे, मागची तिरकी पुढे (बाणाची खूण असलेली मात्र त्याच बाजूला). चारही सारखी झिजली की दोनच टायर घेण्याचा प्रश्न फारसा येत नाही.

स्टेपनीबद्दल मेसेज गप्प. भाच्याची निघाली १८ हवेची, आणि चाकांचे नट खाऱ्या वाऱ्याने गंजून जाम. चाक जमिनीवर असतानाच एकेक ढिला केला, मग जॅक लावला. पावसाने भिजलेल्या अंगणात जॅक खाली बसायला लागला, तेव्हा गोठ्यातली फळी आणली. ती आता त्याच्या डिकीत आहे.